मुदतीत प्रमाणित

दरवर्षी 1 ऑगस्टच्या महसूल दिनासाठी प्रत्येक तालुक्यातून उत्कृष्ट कर्मचाऱ्यांची नावे जिल्ह्याकडे जातात, आणि त्याआधी जुलै महिन्यात आम्हा नायब तहसीलदारांना सज्यांची, म्हणजे एकेका तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांची, दप्तर तपासणी करून टिपणी सादर करावी लागते. मी ज्या दिवसाविषयी लिहीत आहे, त्या दिवशी योगायोगाने तालुक्याच्या तक्त्यात पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकावर असलेले दोन्ही सजे माझ्या वाट्याला आले होते. हा तक्ता जिल्ह्याने एक्सेलमध्ये तयार केलेला आहे. किती फेरफार नोंदी (जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी) धरल्या, किती प्रमाणित झाल्या, किती अर्ज निकाली निघाले आणि एका नोंदीला सरासरी किती दिवस लागले, एवढेच त्यात असते; उरलेले काम रंग करतात. सोमवारच्या व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) हा तक्ता पडद्यावर येतो, लाल रंगातल्या तालुक्याच्या तहसीलदारांना ‘म्यूट काढा’ असे सांगितले जाते आणि पुढची दहा मिनिटे सगळा जिल्हा ऐकत असतो. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, परंतु ज्याने ती दहा मिनिटे एकदा काढली आहेत, तो पुढच्या सोमवारपर्यंत दुसऱ्या कशाचाही विचार करत नाही.

पहिल्या सज्याचे दप्तर पाहून मन प्रसन्न झाले. तलाठी तरुण, अभियांत्रिकीचा पदवीधर, कामात चपळ. (या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावात आणि कचेरीत चालते ते तलाठीच.) खरेदीच्या नोंदी वेळेवर, बोजाच्या (जमिनीवरील कर्जाच्या) नोंदी वेळेवर, वारसांच्या नोंदींची सरासरी तर तालुक्यात सर्वांत कमी. पंधरा दिवसांची हरकतीची मुदत ज्या दिवशी संपते, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षरीने नोंद प्रमाणित झालेली, असे एकामागून एक फेरफार दिसत होते. खटकले ते एवढेच की ई-हक्क या ऑनलाइन अर्जांच्या प्रणालीतून आलेले बरेचसे अर्ज ‘कागदपत्रे अपूर्ण’ या एकाच शेऱ्याने परत गेले होते आणि त्यांतली काही कुटुंबे नव्या क्रमांकाने पुन्हा आली होती. एका माणसाचे एक काम तक्त्यात दोन-तीन निकाली अर्ज म्हणून मोजले गेले होते. 2015चा लोकसेवा हक्क अधिनियम विहित मुदतीत सेवा द्या, नाहीतर लेखी कारण देऊन नाकारा असे सांगतो आणि मुदत चुकवणाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद करतो. म्हणजे कारण लिहून परत पाठवणे हेही मुदतीत केलेले कामच ठरते. ते कारण खरे आहे की सोयीचे, हे तपासायला मूळ प्रकरण उघडावे लागते, आणि तक्ता पाहणाऱ्याला प्रकरण उघडण्याचे कारणच पडत नाही.

वारसाच्या नोंदीविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आमच्या कामातला खरा कस तेथे लागतो. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडून नोंदवून येते. त्यात कोण देणार आणि कोण घेणार हे लिहिलेले असते. खातेदार मयत झाल्यावर मात्र त्याच्यामागे कोण कोण आहे, हे कोणत्याही एका कागदावर नसते. ते तलाठ्याने चौकशी करून शोधायचे, गाव नमुना 6क या वारस नोंदवहीत लिहायचे, तेथे मंजुरी मिळाल्यावर गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरायचा, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करायची. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा, मुलगी, विधवा आणि मयताची आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. आईचे नाव घ्यायचे असते, हे तर निम्म्या कचेरीला आठवतही नाही. 2005च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क आहे, आणि वडील ती दुरुस्ती लागू होण्याआधी वारले असले तरी तो टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही अर्ज घेऊन येतात ते मुलगे, वारसांची नावे सांगतात ते मुलगे, आणि ‘बहिणींना कशाला मध्ये आणायचं’ हे वाक्य सुशिक्षित घरांतूनही इतक्या सहजपणे येते की त्यात काही लपवाछपवी आहे असे बोलणाऱ्याला वाटतही नाही.

दुपारनंतर मी दुसऱ्या सज्यात गेलो. येथल्या तलाठी मॅडमकडे शेजारच्या सज्याचा अतिरिक्त कार्यभार असून तक्त्यात त्या ठळक लाल रंगात होत्या. मी त्यांच्या प्रलंबित वारस नोंदी काढायला सांगितल्या, आणि पहिलेच प्रकरण पाहताना माझ्या लक्षात आले की आपण अनेक वर्षांत अशी चौकशी पाहिलेली नाही. वर अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वयंघोषणापत्र होतेच; त्याखाली त्यांनी स्वतः काढलेली वंशावळ होती. लग्न झालेल्या मुलीचे नाव शिधापत्रिकेतून कमी होते, म्हणून त्यांनी जुनी शिधापत्रिका मागवली होती. ती नव्हती तेथे जुनी मतदार यादी पाहिली होती. मयताचे वडील वारले तेव्हाचा जुना फेरफार अभिलेख कक्षातून काढून, त्या पिढीत बहिणींची नावे लागली होती की सातबाराच्या ‘इतर हक्कात’ या रकान्यात ढकलली गेली होती, हे तपासले होते. पोलीस पाटलांचा जबाब होता आणि भावकीबाहेरच्या एका वृद्ध शेजाऱ्याचाही होता. प्रत्येक मुलीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे, सासरचा पत्ता, आणि त्या पत्त्यावर पोचदेय डाकेने पाठवलेली नोटीस. एक मुलगी वारली होती, तर तिच्या मुलांचा शोध चालू होता. हे सगळे पंधरा दिवसांत होत नाही. पोच परत यायलाच कधीकधी तेवढे दिवस लागतात. मी त्यांना विचारले, ‘मॅडम, एवढे सगळे प्रत्येक प्रकरणात करता?’ त्या म्हणाल्या, ‘सर, नंतर कोणी रडत आलं तर मला उत्तर द्यावं लागतं. तक्त्याचं उत्तर तुम्ही देता.’ वरिष्ठाशी बोलण्याची ही रीत नव्हे, पण मला राग आला नाही.

आमचे हे बोलणे चालू असताना दोन बायका चावडीत आल्या. एकमेकींच्या जावा, पलीकडच्या तालुक्यात दिलेल्या. धाकटीचे माहेर याच गावचे. तिला वडिलांच्या वारस नोंदीची नोटीस गेली होती आणि ती जबाब द्यायला आली होती. थोरली नुसती सोबत आली होती. जबाब लिहून होईपर्यंत ती ती नोटीस हातात घेऊन बसली होती. मग तिने मॅडमना विचारले, ‘ताई, हिला तिच्या माहेराहून हा कागद आला, तसा मला माझ्या माहेराहून का नाही आला? आमच्या आबांना जाऊन दोन वर्षं झाली.’ माहेर कोणते म्हणून विचारले, तर तिने जे गाव सांगितले ते सकाळच्या सज्यातले होते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी लॅपटॉपवर तो सातबारा काढला. फेरफार सोळाव्या दिवशी प्रमाणित. वारस म्हणून आई आणि दोन भाऊ. वारस नोंदवहीत ‘याशिवाय मयतास अन्य वारस नाहीत’ असे वाक्य आणि खाली दोन पंचांच्या सह्या. दोन्ही पंच भावकीतले. ती आणि तिची बहीण अशा दोन मुली त्या कागदावर कोठेही नव्हत्या. नोटीस चावडीवर डकवलेली होती, ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही असणार. परंतु सासरी शेतावर राबणारी बाई माहेरच्या गावाची नोटीस संकेतस्थळावर रोज पाहत बसेल, असे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेला मी काय म्हणावे?

मी तिला जे आहे ते सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘हिस्सा मागायचं पुढचं पुढं, साहेब. पण आम्हाला विचारलं का नाही?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. होती ती फक्त कार्यपद्धती, आणि ती मी समजावून दिली. नोंद प्रमाणित झाल्यामुळे तलाठी किंवा मंडळ अधिकारी ती आता स्वतःहून बदलू शकत नाहीत. कलम 155 खाली तहसीलदार लेखनप्रमाद दुरुस्त करतात, परंतु दोन वारस गाळणे हा लेखनप्रमाद नव्हे. तेव्हा कलम 247 प्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करायचे. त्याची मुदत 60 दिवस, ती उलटून गेलेली, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज, त्यावर भावांचे म्हणणे, मग तारखा. फेरफाराने मालकी ठरत नाही, ही नोंद महसुलापुरती असते, असे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे आणि ते खरेच आहे. पण बँकेत, सोसायटीत, भूसंपादनाच्या मोबदल्याच्या यादीत आणि अनुदानाच्या अर्जात सातबाराच पाहिला जातो, आणि त्यावर ज्यांची नावे आहेत ते दरम्यान जमीन विकूही शकतात.

त्या संध्याकाळी परतताना मला सर्वांत जास्त त्रास दिला तो हिशेबाने. सकाळच्या सज्यात जे दोन-तीन आठवडे वाचले, ते त्या सज्याच्या खात्यावर हिरव्या रंगात जमा झाले. त्यापायी त्या दोघी बहिणींची जी वर्षे जातील, ती प्रांत कार्यालयाच्या प्रलंबित अपिलांत दिसतील, आणि त्याबद्दल व्हीसीत प्रांतसाहेबांना विचारले जाईल. ज्या टेबलावर काम बिघडले, त्या टेबलाकडे तो आकडा कधीच परत येत नाही. उलट ज्या बाईने नोटिसा पाठवून पुढचे अपील टाळले, तिच्या खात्यावर फक्त उशीर दिसतो. न झालेल्या अपिलाला रकाना नसतो.

आमच्या खात्याला हा फरक कधी कळतच नव्हता असेही नाही. 1980च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामाची जी घडी बसवली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून आजही सांगितली जाते. पुढे शून्य प्रलंबिततेच्या मोहिमेत आम्हाला जी सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकवली गेली, तीत ‘प्रलंबित’ आणि ‘प्रतीक्षाधीन’ असे दोन वेगळे गठ्ठे असत. ज्यावर मी आज काम करू शकतो आणि केलेले नाही, ते प्रलंबित. ज्यावर मी माझे काम केले आहे आणि दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहे, ते प्रतीक्षाधीन. एका दृष्टिक्षेपात वरिष्ठाला कळायचे की हा कारकून आळशी आहे की याचे पत्र कोठे अडकले आहे. मॅडमच्या लाल रंगातली बहुतेक प्रकरणे त्या दुसऱ्या गठ्ठ्यातली होती. एक्सेलने दोन्ही गठ्ठे एकत्र बांधले, आणि ते कोणी ठरवून केले असेल असेही मला वाटत नाही. रकाने कमी असले की तक्ता पडद्यावर नीट मावतो, एवढेच त्याचे कारण असावे.

सकाळच्या तलाठ्याबद्दलही न्यायाने लिहिले पाहिजे. त्याने पैसे घेतले असे मला कोठेही दिसले नाही. 2023च्या ज्या भरतीत 4,644 पदांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले होते, तीतून निवडून आलेला हा हुशार मुलगा. त्याच्या शेजारी बसून वारसाची चौकशी कशी करतात हे दाखवायला कोणी जुना माणूस नव्हता. होता तो व्हॉट्सअॅपचा गट, ज्यावर सकाळ-संध्याकाळ ‘प्रलंबित नोंदी शून्य करा’ एवढेच येते. जे मोजले जाते ते तो उत्तम करत होता. नोंदी प्रमाणित करणाऱ्या मंडळ अधिकाऱ्यांना मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. त्यांची सेवा मोठी आहे, ‘अन्य वारस नाहीत’ या वाक्याखाली दोन्ही पंच भावकीतले दिसले की काय समजायचे हे त्यांना पक्के ठाऊक आहे, आणि तरीही एका बैठकीत डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल लावून साऱ्या नोंदी पुढे सरकवण्याची सवय त्यांनी स्वतःहून लावून घेतली आहे.

मी टिपणीत हे सर्व लिहिले. दोन्ही सज्यांतील वारस नोंदींची तुलना, परत पाठवलेल्या अर्जांची पुनरावृत्ती आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांसाठी वेगळा रकाना असावा अशी शिफारस, हे तिन्ही त्यात होते. तहसीलदारांनी ती पूर्ण वाचली, जे सहसा होत नाही, आणि म्हणाले, ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण नमुन्यात हे लिहायला जागा कुठे आहे?’ टिपणी स्वतंत्र जोडपत्र म्हणून गेली आणि जिल्ह्यातून ‘विहित नमुन्यातच माहिती सादर करावी’ या शेऱ्यासह परत आली. महसूल दिनाच्या यादीत पहिल्या सज्याचे नाव गेले, कारण यादी तक्त्यावरून बनते आणि तक्त्यात त्याच्याविरुद्ध काही नव्हते.

त्यानंतर तहसीलदारांनी स्वतःच्या अधिकारात एक गोष्ट केली. आमच्या तालुक्यात आता वारसाच्या प्रत्येक प्रकरणात वंशावळीचे एक पान लागते. त्यावर मुलींची दोन्ही नावे, सासरचे पत्ते आणि पोलीस पाटलांची सही असते, आणि ते पान नसेल तर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करायची नाही. मंडळ अधिकारी कुरकुरतात, सरासरी दिवस वाढले आहेत आणि सोमवारच्या तक्त्यात तालुका खाली घसरला आहे. ती दहा मिनिटे तहसीलदार ऐकून घेतात. दोघी बहिणींचे अपील दाखल झाले असून सध्या विलंब माफीवर भावांचे म्हणणे यायचे आहे. तहसीलदारांची बदली येत्या एप्रिल-मेमध्ये अपेक्षित आहे. तोवर ते पान लागत राहील. नव्या साहेबांना तक्त्यातला आमचा क्रमांक कसा वाटतो, त्यावर त्याचे पुढे काय होते ते ठरेल.