घामाचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला विज्ञानाच्या बाईंच्या एका तासाबद्दलच लिहायचं आहे. आठवीतला घामग्रंथींचा तास. पुढे त्वचारोगाचा डॉक्टर होऊन मी निपाणीत दवाखाना घातला, त्याची सुरुवात त्या तासाला झाली.

माझ्या तळहातांना बारमाही घाम सुटायचा. पेपर लिहिताना शाई फुटायची, पोरं हात धरत नसत. बाईंनी आमच्या बोटांना टिंक्चर आयोडीन लावलं, वाळू दिलं आणि बोट कोऱ्या कागदावर दाबायला सांगितलं. कागदातल्या स्टार्चला घाम लागला आणि ठशाच्या रेघांवर काळेनिळे बारीक ठिपके ओळीनं उमटले. ती घामग्रंथींची तोंडं. माझा कागद ठिपक्यांनी भरला होता. बाई म्हणाल्या, "हा भित्रेपणा नाही रे. तुझ्या ग्रंथींना मज्जातंतूंचा हुकूम जरा जास्त येतो, एवढंच." त्या वाक्यानं माझी मान वर झाली. अशा हातांवर आता ॲल्युमिनियम क्लोराईडचं औषध आहे, पाण्यातून सौम्य वीज देण्याचा उपचार आहे. तेव्हा मला बाईंचा शब्दच पुरला.

अंगावर अशा २० ते ४० लाख ग्रंथी असतात. त्वचेत खोलवर नळीचं वेटोळं असतं, तिथं खारट पाणी तयार होतं आणि वर येता येता नळी बरंचसं मीठ परत शोषून घेते. घाम वाळला तरच अंग निवतं. बेळगावच्या पावसाळी दमट हवेत तो नुसताच ओघळतो. नळीचं तोंड बुजलं की घामोळं. काखेतल्या वेगळ्या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात आणि वास येतो तो जंतूंमुळे, हेही बाईंनी मुलामुलींना एकत्र बसवून, न लाजता सांगितलं. तेव्हा असं किती शिक्षक सांगत?

आमच्या भागात तंबाखूचं पीक. ओल्या पानांतलं निकोटीन घामेजल्या कातडीतून अंगात शिरतं. गरगरतं, उलट्या होतात. तोडणीला जाणाऱ्या मावश्यांना मी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालायला सांगतो.

पण सगळ्यात जास्त लक्ष मी कोरड्या जागेकडे देतो. उन्हातून आलेल्या माणसाची पाठ घामानं चमकते आणि मधला एकच फिकट चट्टा कोरडा राहतो, तिथं स्पर्शही कळत नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू मेले की तिथला घामही थांबतो. असा चट्टा दिसला तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. गोळ्या फुकट मिळतात आणि ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो.