मारुतीच्या पायऱ्या

हृदयाच्या बायपासनंतर आज पहिल्यांदा पणजीच्या मळा भागातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढलो. मध्येच थांबत, कठड्याला धरून. फिजिओचा नियम सोपा आहे: चालताना बोलता आलं पाहिजे, धापेने वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. म्हणून सोबत बायको, आणि विषय तिचा भाऊ. वाक्य एकदाही तुटलं नाही!

ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड सांधायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, पुरती ताकद यायला त्याहून जास्त. तोवर जड उचलणं बंद. पणजी मार्केटात पिशव्या तिच्या हातात नि मी रिकामा, लोक कसे बघतात! बायपाससाठी पायातली शीर काढली तिथे संध्याकाळी अजून सूज येते. बांगड्याचं हुमण (आमचं नारळाच्या रसातलं कालवण) मात्र परत सुरू झालंय, नारळ कमी घालून. चव विचारू नका.