बारा पाकळ्यांची पृथ्वी: आमची वाटचाल

गिरगावातल्या आमच्या गाळ्यात तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल अजून हातानेच होतो. कागदाच्या लगद्याचे दोन अर्धगोल सागवानी साच्यावर वाळवायचे, विषुववृत्तावर सांधायचे, सरसात कालवलेल्या खडूच्या पुडीचे थर देऊन घासायचे आणि वर बारा पाकळ्या, म्हणजे नकाशा छापलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या कागदी पट्ट्या, बसवायच्या. चिकटल्यावर पाकळी कंबरेत 7.85 सेंटिमीटर भरली पाहिजे. दर पाकळीमागे अर्धा मिलिमीटर चुकला की शेवटच्या सांध्याला सहा मिलिमीटरचा घोळ, म्हणजे विषुववृत्तावर 255 किलोमीटर. म्हणून शेवटचा सांधा पॅसिफिकच्या मोकळ्या पाण्यात घ्यायचा. सुमात्रावर घेतलात तर पकडले जाल.

खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात झुरळं आफ्रिका खातात. खळ लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो, त्यामुळे छापतानाच पाकळी किंचित अरुंद ठेवावी लागते. मुंबईचा जुलै हे सगळं गणित उधळतो. हवेतली ओल पिऊन कागद आधीच फुगलेला असतो, खळ लागल्यावर आणखी ताणत नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसून सांधे उघडतात. पाकळ्यांचं काम नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात फक्त गोलाखालच्या लाकडी बैठका आणि गोल धरणाऱ्या पितळी कमानी. कमानीचा कल साडेतेवीस अंश, तो मात्र बाराही महिने करता येतो.

26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम 73. एकाच शहरात. गाळा गिरगावात, कोरडा ठणठणीत. गोदाम कुर्ल्याला, मिठीच्या काठाजवळ. वाळलेले अर्धगोल पुन्हा लगदा झाले. छापील पाकळ्यांचे गठ्ठे एकमेकांना चिकटून विटा बनले. तिथेच ठेवलेला साचा फुगला. सावलीत सहा महिने वाळवूनही एका बाजूने दोन मिलिमीटर चपटा राहिला. पृथ्वी स्वतःसुद्धा चपटी आहेच, पण या मापात तिचा चपटेपणा फक्त एक मिलिमीटर भरतो, आणि तोही ध्रुवांकडे. साचा नवा करावा लागला.

पुराच्याच पंधरवड्यात एका स्पर्धकाने शाळांना कळवलं की आमचा कारखाना बंद झाला. नाव घेत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. त्याचे गोल प्लास्टिकचे. सपाट पत्र्यावर छपाई, मग तापवून अर्धगोल साच्यात ओढायचा. ओढ सगळीकडे सारखी बसत नाही, त्यामुळे ग्रीनलंडची अक्षरं लोंबतात आणि विषुववृत्तावर दोन अर्धे जुळत नाहीत. बोर्निओचा वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. शाळांनी तेच घेतले. स्वस्त होते, हे कबूल.

दोन वर्षं तगलो ती भिंतीवरच्या नकाशांवर. जुना नकाशा भिजवून सोलायचा, नव्या मांजरपाटावर चढवायचा, रूळ बदलायचे. यात घाई केली की किनारपट्टीच सोलून हातात येते. हे काम देणाऱ्या परळच्या एका शाळेतल्या भूगोलाच्या बाई. त्यांनी प्लास्टिकचा गोल शाळेत येऊ दिला नाही. त्यांचा आमच्याकडचा जुना गोल सोव्हिएत संघाच्या काळातला, दुरुस्तीला आला तेव्हा आम्ही नवे देश डकवायला निघालो, तर म्हणाल्या, “ते राहू दे हो. इतिहासाच्या तासाला तोच लागतो. भूगोलाला दुसरा करून द्या.” दुसरा करून दिला. 2011 मध्ये त्यावर दक्षिण सुदानचा तुकडा बसला, नोव्हेंबर 2019 मध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे दाखवले.

मधल्या वर्षांत काम होतं, केलं.

गोल विकत घेताना विषुववृत्तावर बोट फिरवा, रेषा तुटली की ठेवून द्या. कझाकस्तानची राजधानी वाचा: नूर-सुलतान असेल तर छपाई 2019 ते 2022 मधली, कारण लगेच आधी आणि नंतर अस्तानाच. मग मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर वाट सहारावरून जाते. गोलावर दोरा फिनलंड, नॉर्वे, आइसलंडवरून गेला पाहिजे आणि तीस सेंटिमीटरच्या गोलावर लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

आणि गोल खिडकीत ठेवू नका. ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. उन्हात पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी टिकते. असे गोल आमच्याकडे दुरुस्तीला येतात: समुद्र जिथल्या तिथे, देश सगळे गेलेले. त्याची दुरुस्ती नसते, पाकळ्या नव्याने चढवाव्या लागतात, आणि त्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं.