कॉस्टिया काउंटीत जमीन पाहताना: आधी पाणी, मग एकर

कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाला, न्यू मेक्सिकोला लागून कॉस्टिया काउंटी आहे. जेमतेम साडेतीन हजार वस्ती. पाच एकरांचा तुकडा इथे काही हजार डॉलरला मिळतो. त्यामुळे स्वतःच्या जमिनीवर घर, भाजीपाला, कोंबड्या, चार शेळ्या असं आयुष्य मनात असलेली डेन्व्हरकडची माणसं कधी ना कधी या काउंटीचा नकाशा उघडून बसतातच. आम्हीही बसलो.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीकाठचं. आबांना फोनवर जमिनीचा भाव सांगितला, समोर दिसणाऱ्या ब्लांका शिखराचं वर्णन केलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बेटा, एकर राहू दे. पाणी कुठून येतं आणि त्यावर हक्क कुणाचा, ते आधी विचारून ये."

पुढे आम्ही जे काही केलं ते या प्रश्नाच्या उत्तरासाठीच.

हे पठार समुद्रसपाटीपासून जवळपास आठ हजार फुटांवर आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे ढग तिकडेच रिकामे होतात. शेजारच्या अलामोसात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सातेक इंच पाणी पडतं. जूनमध्येही दंव पडू शकतं आणि सप्टेंबरात ते पुन्हा हजर. बटाटा, बार्ली, अल्फाल्फा (लसूणघास) होतं, तेही ओलिताखाली. कमी पावसाची मला धास्ती नव्हती, त्यातच वाढले आहे. पेच होता तो कायद्याचा.

आपल्याकडे रान घेतलं की विहीर आपण गृहीतच धरतो. कोलोरॅडोत जमीन वेगळी, पाणी वेगळं. ज्याने आधी पाणी वापरात आणलं, त्याचा हक्क आधी. टंचाईच्या वर्षी सगळ्यांना थोडंथोडं कमी मिळत नाही. जुन्या हक्कदाराचं पूर्ण भागेपर्यंत नव्याचं बंद राहतं. राज्याच्या जल कार्यालयातल्या बाईंनी आम्ही पाहत होतो तशाच एका पाच एकरी तुकड्याचा विहीर परवाना काढून दाखवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वापर फक्त एका कुटुंबाच्या घराच्या आत, बाहेर अजिबात नाही. मी मुद्दाम विचारलं, "दाराशी चार मिरच्यांची रोपं लावली तर?" त्या म्हणाल्या, "त्यांनाही नाही." शेळ्यांनाही नाही. बोअर मारायला हजारो डॉलर घालायचे आणि त्या पाण्याने अंगणातली मेथीसुद्धा भिजवायची नाही!

छपरावरचं पाणी साठवायचं म्हटलं, तर 2016 च्या कायद्याने दर घराला दोन पिंपं, मिळून 110 गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आत. तिथे राहणारी कित्येक कुटुंबं पिकअपवर टाकी ठेवून पाणी आणतात. त्यांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार. पण आणलेल्या पाण्यावर घर चालेल, मळा चालणार नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर कळत गेल्या. नकाशावरचे बरेच रस्ते जागेवर नुसत्या चाकोऱ्या आहेत, बर्फ पडल्यावर ते साफ करायला कुणी येत नाही. सांडपाण्याच्या टाकीचा परवाना काढल्याशिवाय मुक्काम ठोकता येत नाही. आणि दुसऱ्याची गुरं आपल्या रानात शिरू नयेत म्हणून कुंपण आपणच घालायचं, असा इथला कायदा.

या काउंटीत पाणी नाही असं मात्र नाही. काउंटीचं मुख्य गाव सॅन लुईस 1851 सालचं, आणि त्याच्या पाटाचा हक्क 1852 चा, अख्ख्या राज्यात सर्वांत जुना. कुलेब्राच्या डोंगरातलं बर्फाचं पाणी या पाटांतून शेतांवर येतं. वसंतात हक्कदार एकत्र जमून पाट साफ करतात आणि त्यांनी निवडलेला माणूस पाळ्या लावतो. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने लाकडी फळी उचलून पाणी आपल्या सरीत सोडलं, तेव्हा पांझरेवरच्या आमच्या फडाचा, म्हणजे गावाने मिळून सांभाळलेल्या पाटपाण्याचा, पाटकरीच मला डोळ्यांसमोर दिसला. हे गाव वसवणाऱ्यांच्या वारसांनी वरच्या डोंगरावरचा चराईचा आणि सरपणाचा जुना हक्क 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून परत मिळवला. पाटाखालची अशी जमीन सहसा विकायला निघत नाही. निघू नये असंच मलाही वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तो पाट उपसला, ते पाणी त्यांचंच.

म्हणून कॉस्टियातले पाच एकर आम्ही सोडले. नवरा दोन दिवस गप्प होता, त्याचा जीव त्या मोकळ्या आभाळात अडकला होता. पण राज्याचा नियम असा, की सलग 35 एकर किंवा त्याहून जास्त जमीन असेल तर घरगुती विहिरीवर एक एकरापर्यंत बाग भिजवता येते आणि स्वतःची जनावरं पाजता येतात. उपसा मिनिटाला 15 गॅलनच्या आत ठेवायचा. एवढं आम्हाला पुष्कळ झालं. मग ला व्हेटा खिंडीच्या पलीकडे, वेरफानो काउंटीत शोध सुरू केला. तिथे 35 एकरांचे तुकडे बरेच आहेत. दर एकरी जास्त, त्यामुळे घर लहान बांधायचं ठरवलं.

एका जागेवर जुनी विहीर आहे, परवान्यासकट. आबांनी परवाना माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच "हां" म्हणाले. बयाणा दिला आहे, पण कागदावर अट घालून घेतली आहे: आमच्या खर्चाने विहिरीवर सलग चार तास पंप चालवायचा, पाणी किती टिकतं ते मोजायचं, नमुना प्रयोगशाळेत तपासायचा, आणि त्यात नापास झाली तर बयाणा परत.