वाकडं गाजर

भाजी घेताना वाकडं गाजर बाजूला सारायचं, हे आईने शिकवलेलं. गेल्या डिसेंबरात मात्र कॉटन मार्केटमध्ये मी ढीग उपसून वाकडीच गाजरं वेचत होते. "मॅडम, सरळ घ्या नं, वाकडे काऊन वेचता?" भाजीवाल्याला राहवलं नाही. हंसाची मान करायची आहे, हे भर बाजारात सांगायची छाती झाली नाही. "लोणच्याला," म्हणाले.

नाताळच्या सुट्टीत नणंद आणि जावई पुण्याहून यायचे होते. टेबलाच्या मधोमध फुलदाणी ठेवून भागलं असतं. पण शाळेत सॅलड डेकोरेशनमध्ये मिळालेला दुसरा नंबर माणसाला म्हातारपणापर्यंत स्वस्थ बसू देत नाही.

अर्धं कोहळं पालथं घातलं, तो डोंगर. त्यावर दुधीचा हंस, मान गाजराची, डोळे मिऱ्यांचे. केशरी मानेचा हंस कुठे नसतो. पण हे संत्र्याचं गाव आहे, खपून जातं.

खरी मजा मुळ्याची. लाल गोल मुळ्याला सालीसकट उभ्या पाकळ्या कापल्या की तो नुसता जखमी दिसतो, फूल वगैरे काही नाही. मग बर्फाच्या पाण्यात टाकून द्यायचा. आतला पांढरा गर पाणी पिऊन फुगतो, साल तेवढी ताणली जात नाही, आणि पाकळ्या हळूहळू बाहेर वळतात. अर्धं काम पाणीच करतं. मी दर पाच मिनिटांनी फ्रीज उघडून बघत होते. मेक्सिकोतल्या ओआहाका गावात तर 23 डिसेंबरला कोरलेल्या मुळ्यांची जत्राच भरते, 1897 पासून. मुळे सुकू नयेत म्हणून तिथे त्यांच्यावर सारखं पाणी मारत राहतात. हे मी सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"अन् मंग खातात कधी?" त्यांनी विचारलं.

बीटाचं कमळ करायला नको होतं. तासाभरात शेजारचा हंस पोटाखालून गुलाबी झाला. जेवताना जावई म्हणाले, "बदक छान जमलंय." नणंदेने फोटो काढला. कोशिंबिरीला वाटी पुढे करताना मात्र सगळे त्या डोंगराला वळसा घालत होते, जणू मध्ये देवच बसवलाय.

रात्री टेबल आवरताना सासूबाईंनी परात आणली. कोहळं आणि दुधी भाजीला, गाजर-मुळे लोणच्याला. म्हणजे भाजीवाल्याशी मी खोटं बोलले नव्हते! मोडतोड करताना टूथपिक मोजून काढल्या. लावल्या होत्या सतरा, निघाल्या सोळा.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी सगळे फार सावकाश जेवले.