खर्जातला गंधार

ध्वनी आणि संगीत तंत्रज्ञान या विषयाच्या चार वर्षांच्या पदवीचे माझे हे शेवटचे वर्ष आहे. सुट्टीत बडोद्याला घरी आले की दांडिया बाजारातल्या ओळखीच्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे तिथे नेमके शिकवतात काय? काहींना वाटते की स्टुडिओतली बटणे फिरवायला शिकवतात, काहींना वाटते की गाणेच शिकवतात, आणि या दोन्हींतले थोडे थोडे खरे असल्यामुळे उत्तर देणे अवघड होते. बराच विचार केल्यावर मला असे वाटते, की या चार वर्षांत मी जे शिकले ते एका स्वराच्या आधाराने सांगता येईल. तो स्वर आमच्याच घरात, आजीच्या तंबोऱ्यात आहे.

हा तंबोरा मिरजेहून आणलेला आहे. आजीची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या सुरावर. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती तंबोरा मांडीवर आडवा घेते, खुंट्या पिळून तारा जवळपास आणते, मणी सरकवून उरलेला फरक काढते, आणि मग खरे काम सुरू होते. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा असतो. आजी तो दोरा नखाने केसभर पुढे सारते, तार छेडते, कान भोपळ्याजवळ नेते, पुन्हा केसभर मागे आणते. एका जागी पोचताच तारेचा बोदा आवाज एकदम उघडतो आणि त्यातून मधमाश्यांच्या गुंजारवासारखे काहीतरी उठते. यालाच जवारी लागली असे म्हणतात. मी लहान असताना ती मला सांगायची, "अगं, घाई करू नकोस. खर्ज छेड आणि थांब. गंधार बोलला की मला सांग." तंबोऱ्यात गंधाराची, म्हणजे सा-रे-ग मधल्या 'ग'ची, तार नसतेच, असते ती पंचमाची, जोडीच्या षड्जाची आणि खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची. तरीही थोड्या वेळाने खर्जातून गंधार ऐकू यायचा. गाणाऱ्या मंडळींनी त्याला स्वयंभू गंधार हे नाव फार पूर्वीच दिलेले आहे.

पहिल्या सत्रात आम्हाला फूरिये या फ्रेंच गणितज्ञाची १८२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली कल्पना शिकवली गेली. ती त्याने उष्णतेच्या वहनाचा विचार करताना मांडली होती, पण ध्वनीच्या अभ्यासाचा सगळा डोलारा आज तिच्यावर उभा आहे. कोणतीही आवर्ती लहर साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येते, आणि त्या साध्या लहरींच्या कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वाढत जातात. मी सुट्टीत मुद्रित केलेला आजीचा खर्ज संगणकावर उघडला, तेव्हा मूळ स्वर १०४ हर्ट्झच्या आसपास होता आणि त्याच्या वर २०८, ३१२, ४१६, ५२० अशा रेषा एकावर एक उभ्या होत्या. ४१६ म्हणजे खर्जाच्या दोन सप्तके वरचा षड्ज, आणि ५२० चे ४१६ शी असलेले गुणोत्तर पाचास चार, म्हणजे शुद्ध गंधार. ज्या स्वराची वाट पाहत मी लहानपणी आजीशेजारी बसत असे, त्याची रेषा पडद्यावर होती आणि ती षड्जाच्या रेषेपेक्षा ठळक होती. त्या रात्री वसतिगृहात मला झोप आली नाही, कारण गणित आणि गाणे हे माझ्या मनात तोवर दोन वेगळ्या इमारतींमध्ये राहत होते.

पुढच्या वर्षी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे १९२१ सालचे काम अभ्यासाला आले. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या संनादी स्वराचा (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वराचा) निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, असतो तो स्वर उमटू नये, हा नियम युरोपातल्या शास्त्रज्ञांनी मांडलेला होता आणि साध्या तारेला तो लागूही पडतो. तंबोरा आणि वीणा यांच्या बाबतीत मात्र तो स्वरसुद्धा स्पष्ट उमटतो, हे रामन यांनी दाखवून दिले. याचे कारण घोडीच्या आकारात आहे. तिचा माथा धारदार नसतो, तो रुंद आणि किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर दर आवर्तनाला टेकते आणि सुटते, तिची लांबी क्षणाक्षणाला किंचित बदलते, आणि त्यामुळे खालच्या स्वरांतली ऊर्जा वरच्या स्वरांकडे सरकत राहते. दोरा केसभर पुढेमागे करणे म्हणजे ही टेकण्याची क्रिया कुठे सुरू व्हावी हे ठरवणे. ज्या कारागिरांनी कानसाने घासून ती घोडी घडवली, त्यांच्याविषयीचा माझा आदर हे समजल्यावर फार वाढला.

या अभ्यासक्रमातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. दोन स्वरांमध्ये ४ हर्ट्झचा फरक असेल तर तो वेगळा दिसण्यासाठी ध्वनीचा किमान पाव सेकंदाचा तुकडा हाती असावा लागतो. त्याहून लहान तुकडा घेतला तर कितीही महाग यंत्र आणले तरी दोन रेषा एकच दिसतात. हा यंत्राचा दोष नाही, काळ आणि कंप्रता यांचे नातेच तसे आहे. आजीच्या 'छेड आणि थांब' याला इतका नेमका आधार असेल याची मला कल्पना नव्हती.

आणि हा ४ हर्ट्झचा फरक काल्पनिक नाही. पेटीच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा, त्यामुळे पेटीचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो. आमच्या पट्टीत हा १४ सेंटचा फरक ५२० हर्ट्झपाशी ४ हर्ट्झचा होतो, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. घरच्या पेटीवर गंधार दाबून शेजारी तंबोरा छेडला की कुणालाही तो डोल ऐकता येईल. पेटीचे स्वर आपल्या गाण्याला चालतात का, हा वाद बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली, आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांची श्रुती-हार्मोनियम, म्हणजे स्वरांतले सूक्ष्म फरकही वाजवू पाहणारी पेटी, तिथे चर्चेला आली होती. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती सैल झाली १९७१ मध्ये. सूरसागर तलावाकाठच्या संगीत महाविद्यालयावरून मी असंख्य वेळा गेले आहे. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेतून ते उभे राहिले हेही मला माहीत होते. पण आपण परक्या शहरात जाऊन जे मोजायला शिकतो आहोत, त्यावर आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी जाणत्यांनी वाद घातला होता, हे मला दुसऱ्या वर्षाच्या टिपणासाठी वाचन करताना कळले.

दुसऱ्या वर्षातली एक चूक मला इथे नोंदवून ठेवायची आहे. दिवाळीच्या सुट्टीत आजीने माझ्यासाठी दीड तास यमन गायला, आणि मी माईकची पातळी सुरुवातीच्या मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, आलापीवर ठरवून टाकली. आजी वरच्या सप्तकातल्या षड्जावर पोचली तेव्हा माईकमधून येणारा संकेत (सिग्नल) कमाल मर्यादेच्या वर गेला आणि लहरींचे माथे सपाट कापले गेले. फितीवरच्या मुद्रणात अशा वेळी आवाज थोडा भरडला जातो, अंकीय मुद्रणात मात्र मर्यादेपलीकडचे काहीच नोंदले जात नाही, आणि जे नोंदले गेले नाही ते नंतर परत आणता येत नाही. २४ बिटांच्या मुद्रणात शांत आणि मोठ्या आवाजांमध्ये इतके अंतर मावते, की पातळी बरीच खाली ठेवूनही काही गमावत नाही. हे मला परीक्षेपुरते पाठ होते, पण हाताला माहीत नव्हते. आजी म्हणाली, "पुन्हा गाऊ की, त्यात काय?" ती पुन्हा गायली, चांगली गायली, पण त्या संध्याकाळचा तो षड्ज माझ्याकडे नाही. तेव्हापासून मुद्रणाआधी मी गायकाला त्याचा सर्वांत मोठा स्वर लावून दाखवायला सांगते, आणि त्यासाठी मला कुणाची भीड वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी नवरात्रात मी बडोद्यातल्या एका मोठ्या गरब्याच्या मैदानावर ध्वनिव्यवस्थेत उमेदवारी केली. मैदानावरचा प्रश्न घरातल्या तंबोऱ्याहून अगदी वेगळा, पण तितकाच कानाचा होता. ऑक्टोबरच्या रात्री हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर असतो, म्हणजे मंचावरचा ढोल १०० मीटर दूरच्या खेळणाऱ्यांपर्यंत पोचायला पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि दूरच्या वर्तुळातली टाळी मंचाजवळच्या टाळीच्या अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडते. मध्ये उंच खांबावर आणखी स्पीकर लावले तर आवाज पोचतो, पण तारेतून संकेत तत्काळ जातो, त्यामुळे खांबाचा ढोल आधी आणि मंचाचा ढोल नंतर असे दोन ढोल ऐकू येतात. म्हणून मंचापासून ६० मीटरवरच्या खांबाला सुमारे १७२ मिलिसेकंद थांबवावे लागते, आणि त्यावर आणखी १० ते १५ मिलिसेकंद. कारण हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवल्याप्रमाणे, थोड्या अंतराने आलेल्या दोन सारख्या आवाजांपैकी जो आधी पोचतो त्याच्याच दिशेने आवाज आला असे आपल्या कानाला वाटते. ही बेरीज जुळल्यावर मी स्वतः त्या खांबाखाली जाऊन उभी राहिले. आवाज डोक्यावरच्या स्पीकरमधून येत होता आणि कान मात्र ठामपणे गायिका समोर मंचावर आहे असे सांगत होता. मंचापर्यंतचे पहिले अंतर गडबडीत पावलांनी मोजले गेले होते आणि ते चार मीटरने चुकले होते, तेव्हा याच जागी ढोल जाडसर आणि पसरट ऐकू येत होता.

या पदवीकडे वळू इच्छिणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून करावे, कारण दुसऱ्या वर्षापासून संकेतप्रक्रिया आणि प्रोग्रामिंग यांचा भार मोठा असतो आणि केवळ गाण्याच्या आवडीवर तो पेलत नाही. वाद्य किंवा गळा तयार असेल तर उत्तमच. कोणती सॉफ्टवेअर यावीत हा प्रश्न गौण आहे, ती दर काही वर्षांनी बदलतात.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जवारीवरच आहे. या उन्हाळ्यात मी खर्जाच्या तारेखालचा दोरा अकरा वेगवेगळ्या जागी ठेवून, प्रत्येक जागी वीस वेळा तार छेडून मुद्रण केले, आणि कोणत्या जागी गंधार सर्वांत जास्त वेळ टिकतो ते काढले. माझी अपेक्षा होती की आजीची जागाच ती निघेल. तसे झाले नाही. सर्वांत दीर्घ गंधार सातव्या जागेवर मिळाला आणि आजी दोरा ठेवते ती जागा पाचवीच्या जवळ आहे. मी सातव्या जागेवर दोरा ठेवून तंबोरा तिच्या हाती दिला. तिने चार-पाच आवर्तने छेडली, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, "गंधार फार पुढे आलाय गं. षड्जाला बसायला जागाच नाही." मग तिने दोरा पुन्हा आपल्या जागी आणला. आता मी केवळ गंधाराचा काळ मोजणे सोडून सगळे संनादी स्वर एकमेकांच्या तुलनेत कसे उठतात आणि कसे विरतात ते मोजते आहे, आणि 'षड्जाला बसायला जागा' हे कोणत्या आकड्यात दिसेल याचा शोध चालू आहे. त्यासाठी पुढच्या सुट्टीत पाचव्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने नवी मुद्रणे करायची आहेत.