तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांचा बर्मा स्टार खोटा आहे का?

देवळाली, भगूर, नाशिकरोडकडची माणसं मला हा प्रश्न वारंवार विचारतात. बर्मा स्टार म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी दिलेलं ब्रिटिश पदक. "आजोबा तर कोलकात्याच्या पुढे गेलेच नव्हते. मग त्यांच्या ट्रंकेत बर्मा स्टार कुठून आला?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी शरम असते. आजोबांनी कुणाकडून विकत तर घेतला नसेल, अशी शंका मनात घर करून असते.

बहुतेक वेळा तो स्टार त्यांचाच असतो.

मूळ नियम असा: ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ब्रह्मदेशात लढाईच्या कामगिरीवर एक दिवस जरी भरला, तरी सैनिक पात्र. पण जपानी फौजा सरहद्दीला येऊन भिडल्या, डिसेंबर १९४२ पासून कोलकात्यावर बॉम्ब पडू लागले. १ मे १९४२ ते ३१ डिसेंबर १९४३ पर्यंतची अख्ख्या बंगाल-आसाममधली कामगिरीही याच पदकासाठी धरली गेली. १ जानेवारी १९४४ पासून मात्र फक्त पूर्वेकडचा ठरावीक भाग राहिला आणि कोलकाता वगळलं गेलं. म्हणजे १९४३ च्या दिवाळीत तिथे कामगिरीवर असलेल्या जवानाला स्टार, आणि १९४४ च्या पाडव्याला त्याच छावणीत रुजू झालेल्याला नाही. तेव्हा आजोबांवर संशय घेण्याआधी तारीख बघा.

उलटंही होतं: पात्र असूनही ट्रंकेत बर्मा स्टार नसतो. बर्मा आणि पॅसिफिक (प्रशांत महासागराकडच्या लढाईचा) या दोन्ही स्टारसाठी पात्र ठरलेल्याला दोन पदकं मिळत नसत. आधी मिळवलेला स्टार आणि त्याच्या फितीवर दुसऱ्याच्या नावाची धातूची पट्टी, एवढंच.

त्याच युद्धाच्या दुसऱ्या एका पदकासाठी, १९३९-४५ स्टारसाठी, सैन्यातल्या माणसाला साधारणपणे सहा महिने युद्धक्षेत्रात काढावे लागत. पण १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या माघारीत असलेल्यांना एक दिवसही पुरला. मुंबईहून डिसेंबर १९३९ मध्ये निघालेल्या आपल्या खेचरांच्या तुकड्याही त्या माघारीत सापडल्या होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अपवाद असा, की मुदत भरण्याआधीच जो त्या कामगिरीत मेला किंवा जखमी होऊन परत पाठवला गेला, त्याला दिवसांची अट लागू नसे. कमी दिवसांची नोंद बघून कुणी "यांनी काय केलं असेल!" असं म्हणतं, तेव्हा मला संताप येतो. दिवस कमी का भरले, ते तरी विचारा.

बर्मा स्टार सहा टोकांचा, पिवळट धातूचा असतो; मधोमध तांबड्या रुंद पट्ट्याची फीत. सराफ बाजारात नेऊन काही हाती लागणार नाही, तो तांब्या-जस्ताचा आहे. डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेली नोंदवही) शोधा, त्यात पलटण आणि तारखा बघा. ते नसेल, तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा: तोफखान्याचं इथेच नाशिकरोड कॅम्पात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावात.